ट्रॅफिकमध्ये इंजिन तापतं, सी लिंकवर काटा खाली येतो. रेडिएटर बदलायचा का?

बोरिवली_वरळी

१.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, २०१४ची. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर अंधेरी ते वाकोला गाडी रांगत चालली की टेम्परेचरचा काटा मधल्या खुणेच्या वर सरकतो. सी लिंकवर वेग मिळाला की जागेवर येतो. सिग्नलला उभं असताना एसीही गार करत नाही. बाटलीतलं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ‘मिन’च्या खाली गेलं होतं, नळाचं पाणी घालून भरलं. गॅरेजवाले म्हणतात, थर्मोस्टॅट (कूलंट गरम झाल्यावरच त्याला रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकू आणि रेडिएटर नवा घालू. करावं का?

फॅनबेल्ट

आत्ता काहीच विकत घेऊ नका. गाडी कधी तापते, यातच निम्मं निदान आहे. वेगात समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो, तिथे फॅनची गरज जवळजवळ नसते. उभ्या गाडीत सगळी भिस्त फॅनवर. रेडिएटर आतून चोंदला असता तर गाडी उलट हायवेवर आणि खंडाळ्याच्या चढावर तापली असती. त्यात एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच असतो आणि त्यालाही हाच फॅन हवा देतो. दोन्ही लक्षणं एकाच वेळी, म्हणजे पहिला संशय फॅनवर.

तपासणी अशी करा. इंजिन चालू, एसी फुल, बॉनेट उघडून ऐका. एसीचा कॉम्प्रेसर ‘टक’ करून लागला की फॅन फिरायला हवा. फिरला नाही तर आधी फ्यूज, मग रिले (फॅनला वीज देणारा छोटा स्विच). त्याच नंबरचा दुसरा रिले बॉक्समध्ये असेल (बरेचदा हॉर्नचा), तो अदलाबदल करून बघा. तरी नाही, तर इग्निशन बंद करून फॅनचं कनेक्टर काढा आणि मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट द्या, वायरमध्ये ३० अँपिअरचा फ्यूज घालूनच. मोटर फिरली तर दोष मागे वायरिंगमध्ये किंवा सेन्सरमध्ये. फिरली नाही तर लाकडी काडीने पात्याला हलका धक्का द्या. धक्क्याने सुरू झाली तर आतले कार्बन ब्रश झिजलेत. हात मात्र घालू नका, इंजिन बंद असतानाही काही गाड्यांत फॅन अचानक लागतो.

सेन्सरचा संशय असेल तर इग्निशन चालू ठेवून कूलंट सेन्सरचा प्लग काढा. बऱ्याच गाड्यांत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सुरक्षेसाठी फॅन लगेच चालू करतो. तसं झालं तर फॅन, रिले, वायर सगळं ठीक.

डॅशबोर्डच्या काट्यावर फार विसंबू नका. तो मुद्दाम सुस्त केलेला असतो, मधल्या खुणेवरून हलला म्हणजे इंजिन आधीच बरंच तापलेलं आहे. साधं ब्लूटूथ ओबीडी (गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावायचं यंत्र) लावून मोबाइलवर आकडा बघा. ८५ ते ९५ अंश नेहमीचे, शंभरच्या आसपास फॅन लागून तापमान उतरायला हवं. ११०च्या पुढे गेलं तर गाडी बाजूला घ्या.

घाटमाथा

फॅनबद्दल सहमत, पण थर्मोस्टॅट काढायचा सल्ला अजिबात ऐकू नका. तो अडकला असेल तर नवा घाला. नसला की इंजिन वेळेवर गरम होत नाही, ईसीयू जास्त पेट्रोल सोडत राहतो, मायलेज पडतं. तो बिघडलाय का हे घरीच कळतं: पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडा, त्यावर छापलेल्या तापमानाला (बहुधा ८२ किंवा ८८) उघडायला लागला पाहिजे.

नळाचं पाणी काढून टाका. त्यात गंजरोधक नसतं आणि उकळण्याची पातळीही घसरते. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर घ्या. विकत घेतलेल्या कूलंटवर ‘प्रीमिक्स’ लिहिलं असेल तर पाणी घालायचंच नाही. नुसता रेडिएटर रिकामा केला तर ब्लॉकमधलं जुनं पाणी तसंच राहतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटरने एकदोनदा फ्लश करा. भरताना गाडीचं तोंड चढाला, हीटर फुल गरमवर, रेडिएटरची कॅप उघडी, आणि वरचा होज (रबरी नळी) दाबत राहा म्हणजे अडकलेली हवा बुडबुड्यांनी निघते. हे सगळं थंड इंजिनवर सुरू करायचं. गरम कॅप उघडली तर उकळतं पाणी तोंडावर येतं.

कॅपचं रबर बघा. दाब धरला नाही तर कूलंट लवकर उकळतं आणि बाटलीतून बाहेर जातं. पातळी कमी होण्याचं कारण तेही असू शकतं.

बोरिवली_वरळी

एसी लावूनही फॅन फिरत नाही. फ्यूज ठीक, रिले बदलून फरक नाही. बॅटरीवरून थेट दिल्यावर काडीचा धक्का लागतो, मग फिरतो पण मंद. कॅपचं रबर तडकलंय.

फॅनबेल्ट

मोटर गेली. शक्यतो श्राऊडसकट (फॅनभोवतीच्या प्लास्टिकच्या चौकटीसकट) पूर्ण असेंब्ली घ्या, जुन्या पात्यावर नवी मोटर बसवली की बॅलन्स बिघडून थरथर येते. कॅप त्याच दाबाची, जुनीवर ०.९ लिहिलं असेल तर ०.९च, जास्त दाबाची घातली तर जुने होज फुटतात. फॅन काढलाच आहे तर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधला चिखल इंजिनच्या बाजूने हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने जाळीचे पातळ पत्रे वाकतात.

कोणी फॅन इग्निशनवर ‘डायरेक्ट’ करून देतो म्हणालं तर नको म्हणा. मोटर दिवसभर फिरून लवकर संपते, आणि सेन्सरचा दोष असला तर तो झाकला जातो.

नवी मोटर लावल्यावर मल्टीमीटरने बॅटरीची निगेटिव्ह आणि फॅनची अर्थ (बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) यांच्यात व्होल्टेज मोजा, फॅन फिरत असताना. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थचा बोल्ट खारट हवेने गंजलाय. काढून घासा आणि घट्ट करा, नाहीतर नवी मोटरही मंदच फिरेल. त्यानंतरही बाटलीतली पातळी उतरत राहिली तर प्रेशर टेस्ट करून गळती शोधा. पाण्याच्या पंपाखालच्या छोट्या छिद्राभोवती कूलंटचे डाग आहेत का, ते सगळ्यात आधी बघा.