डीएनएस सेवा बदलण्यापूर्वी नोंदींची प्रत कशी ठेवावी?

प्रश्न

आमच्या संस्थेची तीन डोमेन आहेत आणि त्यांचे डीएनएस (डोमेनचे नाव सर्व्हरच्या पत्त्याशी जोडणारी व्यवस्था) आजवर डोमेन जिथे नोंदवले त्याच कंपनीकडे आहे. गेल्या आठवड्यात त्यांचे नियंत्रण पॅनेल दिवसभर उघडले नाही. संकेतस्थळ आणि ईमेल चालू होते, परंतु आपल्या नोंदी नेमक्या कोणत्या याची साधी यादीही आपल्याकडे नाही, हे त्या दिवशी लक्षात आले. नवी सेवा निवडताना काय पाहावे आणि प्रत कोणत्या स्वरूपात ठेवावी? सध्या मी पॅनेलचे स्क्रीनशॉट काढून ठेवले आहेत.

प्रतिसाद १

स्क्रीनशॉटमध्ये डीकिमची (ईमेलवरील सही पडताळण्यासाठीची नोंद) लांबलचक की बहुधा अर्धीच दिसते, त्यामुळे नेमक्या गरजेच्या वेळी त्यांचा उपयोग होत नाही. ठेवायची ती झोन फाइल. ही डोमेनच्या नोंदींची साधी मजकूर फाइल असते आणि तिचे स्वरूप १९८७ च्या आरएफसी १०३५ या इंटरनेट मानकात ठरलेले असल्यामुळे ती कोणत्याही एका कंपनीची मिरासदारी नाही. म्हणून सेवा निवडताना वेगाच्या जाहिरातींआधी एवढेच पाहावे, की संपूर्ण झोन फाइल स्वतः उतरवून घेता येते का आणि तेच काम एपीआयने (प्रोग्रामला सेवेशी थेट बोलण्याची सोय) रोज आपोआप करता येते का. ज्या सेवेतून नोंदी बाहेर काढता येत नाहीत, तिच्याकडे मी तरी जाणार नाही.

मात्र मूळ डोमेनवर सीनेम (एका नावाला दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) ठेवता येत नाही म्हणून काही सेवा एलियास नावाची स्वतःची सोय देतात. ती, तसेच यूआरएल फॉरवर्डिंग, प्रमाणित झोन फाइलमध्ये बसत नाही. ते वेगळे टिपून ठेवावे.

प्रतिसाद २

फाइल हाताने दुरुस्त करणार असाल तर शेवटच्या टिंबाकडे लक्ष द्या. एमएक्स नोंदीत (ईमेल कोणत्या सर्व्हरकडे जाते ते सांगणारी) मी ‘मेल.उदाहरण.कॉम’ असे लिहिले आणि शेवटचे टिंब विसरलो. सर्व्हरने त्याला अपूर्ण नाव समजून पुढे डोमेन जोडले आणि ‘मेल.उदाहरण.कॉम.उदाहरण.कॉम’ असा अस्तित्वातच नसलेला पत्ता तयार झाला. तेव्हापासून एनएस (डोमेनचे डीएनएस कोणत्या सर्व्हरकडे आहे ते सांगणारी नोंद) बदलण्यापूर्वी नव्या सेवेच्या सर्व्हरला डीएनएस तपासणाऱ्या डिग आज्ञेने थेट विचारून प्रत्येक उत्तर जुन्याशी ताडून पाहतो.

आणि हो, नोंदी नंतर बाहेरून गोळा करू, या भरवशावर राहू नका. झोन ट्रान्सफर (सर्व्हरकडून सगळा झोन एकदम मागवणे) बहुतेक ठिकाणी बंद असते, ‘एनी’ प्रकारच्या प्रश्नाला सर्व नोंदी देण्याचे बंधन सर्व्हरवर नाही आणि डीकिमचा सिलेक्टर (त्या नोंदीच्या नावातील खास शब्द) ठाऊक नसेल तर ती नोंद शोधायची तरी कुठे?

प्रतिसाद ३

एकाच सेवेवर अवलंबून राहण्याचा धोका २१ ऑक्टोबर २०१६ रोजी दिसला. मिराई बॉटनेटने (ताब्यात घेतलेल्या उपकरणांच्या जाळ्याने) डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटरसारखी संकेतस्थळे, त्यांचे स्वतःचे सर्व्हर धडधाकट असूनही, अनेकांना उघडेनात. तरीही तीन डोमेनसाठी दोन सेवा एकाच वेळी सांभाळणे मला अतिरेक वाटतो. झोन फाइल गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या जपणारी प्रणाली) ठेवली आणि ऑक्टोडीएनएस किंवा डीएनएसकंट्रोल या साधनाने ती सेवेकडे पाठवली, तर प्रत आणि बदलांचा इतिहास दोन्ही आपल्याच हाती राहतात.

स्थलांतरात जपायचे ते डीएनएससेक, म्हणजे डीएनएस उत्तरांवर डिजिटल सही करण्याची पद्धत. ते चालू असेल तर आधी डीएस नोंद (वरच्या झोनमधील या सह्यांच्या कीची खूण) काढून तिचा टीटीएल (नोंद किती वेळ साठवून वापरता येते ती मुदत) संपू द्यावा आणि मगच एनएस बदलावे, नाहीतर सह्या न जुळल्यामुळे पडताळणी करणारे रिझॉल्व्हर (वापरकर्त्यांसाठी नावांचे पत्ते शोधणारे सर्व्हर) तुमचे डोमेन नाकारतील. डॉट कॉमच्या एनएस नोंदींचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे पूर्ण दोन दिवस आहे. तोवर जुनी सेवा बंद करू नये.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. पॅनेलमध्ये निर्यातीची सोय सापडली आणि तिन्ही फाइली उतरवून घेतल्या. त्यांतील एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद कशासाठी आहे हे संस्थेत कोणालाच सांगता येत नाही. तूर्त ती आहे तशीच नव्या सेवेत नेतो.