पटकथालेखनासाठी जुने परदेशी चित्रपट कसे पाहावेत?

प्रश्न (वडगाव, बेळगाव)
नमस्कार. आमच्या वडगावातील यंत्रमागावर पोट असलेल्या एका कुटुंबावर मी मराठीत पटकथा लिहीत आहे. वडिलांनी माग विकायचा की ठेवायचा, एवढाच कथेचा पेच आहे. जाणकार मंडळी जुने इटालियन आणि जपानी चित्रपट पाहण्याचा सल्ला देतात. ते पाहून मी भारावून जातो; परंतु लिहायला बसल्यावर त्यांतले नेमके काय घ्यावे, हे उमगत नाही. शिवाय रोमची गोष्ट वडगावात आणली तर ती उसनी वाटेल, अशी धास्तीही आहे. आपण हे चित्रपट कसे पाहता?

उत्तर (निपाणी)
गोष्ट घेऊ नये, बांधणी मात्र निःसंकोच अभ्यासावी. डी सिका यांचा ‘बायसिकल थीव्ज’ (1948) दुसऱ्यांदा पाहताना वही घेऊन बसा आणि प्रत्येक प्रसंगापुढे प्रेक्षकाला नवे काय कळले, तेवढेच लिहा. भिंतीवर जाहिराती चिकटवण्याच्या नोकरीसाठी सायकल हवी, ती तर गहाण पडलेली. म्हणून नायकाची बायको अंथरुणावरच्या चादरी काढून गहाण टाकते, आणि तिथला नोकर ते गाठोडे ठेवायला वर चढतो तेव्हा उंचच उंच फडताळे तशाच गाठोड्यांनी भरलेली दिसतात. गरिबीविषयी कोणी भाषण करत नाही. तरीही पुढे सायकल चोरीला गेल्यावर काय गेले, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. माग विकण्याची वेळ येण्यापूर्वी तो घरात कशाच्या मोबदल्यात आला, हे आपल्या पटकथेत दिसते का, ते तपासून पाहा.

उत्तर (खानापूर)
वरील सल्ला मला मान्य आहे, परंतु काय दाखवायचे याइतकेच काय गाळायचे, हेही या चित्रपटांतून शिकावे. कुरोसावा यांच्या ‘इकिरू’मध्ये (1952) कर्करोग झालेला नगरपालिकेतील अधिकारी मुलांसाठी उद्यान उभारण्याचा निश्चय करतो, आणि लगेचच तो वारल्याचे आपल्याला कळते. उद्यान कसे उभे राहिले, ते त्याच्या घरी जमलेल्या सहकाऱ्यांच्या आठवणींतून आणि वादांतून उलगडते. वडिलांचा निर्णय समोर न दाखवता तो घरच्यांच्या बोलण्यातून कळला, तर आपली कथा अधिक बळकट होईल का, याचा विचार करावा.

संवाद मात्र परदेशी चित्रपटांतून शिकू नयेत, असे माझे ठाम मत आहे. सबटायटल्समध्ये बोलणे आटोपशीर केलेले असते. बोलण्याचा लहेजा तिथे पोहोचत नाही. त्यासाठी गिरीश कासरवळ्ळी यांचा ‘घटश्राद्ध’ (1977) पाहावा. एका विधवेची परवड त्यात एका लहान मुलाच्या नजरेतून दिसते, आणि आपल्या सीमाभागात कन्नड कानाला परकी नसल्यामुळे कोणते वाक्य कुठे तुटते आणि कोण कुठे गप्प राहते, हे थेट ऐकता येते. आपल्या पटकथेतील विणकर घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलत असेल, तर ते तसेच लिहावे. सगळ्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली तर वडगाव कागदावरून पुसले जाईल.

प्रश्नकर्ता (वडगाव)
दोघांचेही मनापासून आभार. लहान मुलीच्या नजरेतून कथा सांगण्याचा विचार आता मनात घोळू लागला आहे, कारण माग कोणत्या पैशांतून आला, हे तिला मोठ्यांच्या भांडणांतूनच कळत जाईल. आणखी एक विचारतो: प्रसंगांची नोंद चित्रपट थांबवत थांबवत करावी की पाहून झाल्यावर?

उत्तर (निपाणी)
आधी दुसऱ्या दिवशी आठवणीतून करावी, मग चित्रपट थांबवत ताडून पाहावी. आठवणीतून निसटलेल्या प्रसंगांकडे विशेष लक्ष द्या. चादरींचा प्रसंग सर्वांना आठवतो. परंतु त्याच्या आधी नोकरीसाठी नाव पुकारले जाते तेव्हा नायक गर्दीपासून दूर बसलेला असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही, आणि त्याचा स्वभाव तर तिथेच कळतो. आपल्या पटकथेतील वडिलांचा असा पहिला प्रसंग कोणता आहे, ते येथे लिहिलेत तर त्यावर पुढे बोलता येईल.