शब्दचर्चा: मेट्रोच्या संदर्भात 'फंडिंग'ला काय म्हणायचं?

गुंतवळ: मुंबईच्या मेट्रो ३ वरच्या एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. एअरपोर्टवरच्या स्टेशनांना 'गव्हर्नमेंट फंडिंग' कसं मिळालं असा परिच्छेद आहे. मी 'सरकारी अनुदान' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'शासकीय निधी' केलं. आमचे काका ट्रेझरीत होते, ते म्हणतात दोन्ही चूक, अनुदान परत करायचं नसतं आणि इथे बराचसा पैसा फेडायचाय. लिहू काय? उद्या द्यायचंय.

घाटकर: निधी लिहा न् मोकळ्या व्हा. आमदार निधी, खासदार निधी, सगळं निधीच चालतं.

लेखाशीर्ष: घोळ तिथेच आहे ना घाटकर. मेट्रो ३ चा मूळ अंदाज २३,१३६ कोटी, त्यातला निम्म्याहून जास्त पैसा जायका या जपानी सरकारी संस्थेचं कर्ज, मग केंद्र आणि राज्याचं सारखं सारखं भागभांडवल, वर दोघांचं दुय्यम कर्ज, म्हणजे आधीची देणी भागल्यावर फेडायचं. ज्याला खरंच अनुदान म्हणता येईल ते एमएमआरडीए या मुंबई महानगराच्या विकास प्राधिकरणाचं, तेही सातशे कोटींच्या आतलं. आणि सहार रोड आणि विमानतळाची टी१, टी२ ही टर्मिनलं या तीन स्टेशनांसाठी ७७७ कोटी द्यायचे ठरले ते विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने, त्यातलेही बरेचसे विमानाच्या प्रवाशांकडून विकास शुल्क घेऊन. म्हणजे ताईंच्या वाक्यात 'सरकारी' हाच शब्द आधी तपासायला हवा. पुढे खर्च ३७ हजार कोटींवर गेला ती गोष्ट वेगळीच. या सगळ्याला निधी म्हटलं की कुणी दिले, कुणी उसने दिले आणि कुणाच्या खिशातून काढले काही कळत नाही.

जुनी_मोडी: तरतूद म्हणा की. मूळ अरबी आहे पण आपल्यात मुरलेला शब्द.

लेखाशीर्ष: तरतूद बजेटात असते. तरतूद झाली म्हणजे पैसे आले असं नाही.

जुनी_मोडी: मंजूर झाले म्हणजे तरी कुठे येतात. मंजूर हा नजर या शब्दाचा भाऊ, अर्थ 'पाहिलेला'. फाईल साहेबांनी पाहिली एवढंच 😀

शुद्धिपत्र: 'अर्थसाहाय्य' हा नेमका शब्द असताना एवढी शोधाशोध का? कर्ज, भांडवल, अनुदान सगळं त्यात बसतं.

घाटकर: अर्थसहाय्य ना?

शुद्धिपत्र: साहाय्य. सहाय म्हणजे सोबती, त्यावरून साहाय्य. तसंच सहायक, 'सहाय्यक' नाही.

घाटकर: आमच्या हापिसात दारावरच्या पाटीपासून रबरी शिक्क्यापर्यंत 'सहाय्यक अभियंता'च होतं, पगार वेळेवर झाला.

शुद्धिपत्र: पगार झाला म्हणून शब्द बरोबर होत नाही. आणि 'शासकीय' केलं ते योग्यच, सरकार फारसी आहे.

माजघर: आमची आजी पोरांना शासन करायची, म्हणजे छडीने. त्यामुळे 'महाराष्ट्र शासन' पाटी दिसली की अजून पोटात गोळा येतो. मला सरकारच बरं वाटतं, मायबाप वगैरे.

गुंतवळ: लेखाशीर्ष दादा, 'स्टेशनांसाठी पैसा कुठून आला' असं साधं लिहिलं तर? आणि पुस्तिकेत मी स्टेशनच ठेवलंय, स्थानक नाही, चालेल ना?

शुद्धिपत्र: स्थानक! मेट्रोच्या पाट्यांवरही स्थानकच असतं.

घाटकर: लोकलमध्ये मात्र 'पुढील स्टेशन दादर'. तिथे कुणाचं काही अडलं नाही.

जुनी_मोडी: गंमत बघा, ठाण्याचं शिलाहारांच्या लेखांतलं नाव श्रीस्थानक. म्हणजे 'ठाणे स्थानक' म्हणजे ठाणे ठाणे.

माजघर: अय्या, मग ठाणे पोलीस ठाणे?

जुनी_मोडी: तिहेरीच झालं ते, पोलीस पण स्टेशनातलेच.

शुद्धिपत्र: व्युत्पत्ती आणि आजचा अर्थ यांची गल्लत करू नका. बसस्थानक चालतं तर मेट्रो स्थानक का नाही?

घाटकर: बसस्थानक पाटीवर चालतं हो. खाली उभा असलेला प्रत्येक माणूस फोनवर 'एसटी स्टँडवर आहे' असंच सांगत असतो.

लेखाशीर्ष: ताई, साधंच लिहा, पण ७७७ कोटींच्या ओळीत 'सरकारी' ठेवू नका.

शुद्धिपत्र: स्टँड तर स्टेशनापेक्षा वाईट.