शब्दचर्चा: अळंबी 'गुणकारी' की 'लागू पडणारी'?

मांजराकाठची:
लातूरला मानसिक आरोग्यावर मराठीतून एक व्याख्यान ठरलंय. त्याचं पत्रक तपासायला माझ्याकडे आलंय. विषय आहे सायलोसायबिन हे मनावर परिणाम करणारं द्रव्य असलेली अळंबी, म्हणजे मशरूम. मसुद्यातलं मुख्य वाक्य असं: "जादूई मशरूम नैराश्य, चिंता व व्यसनमुक्तीवर गुणकारी आहे." व्यसनमुक्तीवर गुणकारी म्हणजे व्यसनमुक्तीच बरी होणार की काय, म्हणून तेवढं आधीच खोडलं. पण 'गुणकारी' वाचलं की मला मूळव्याधीच्या मलमाची जाहिरात आठवते. दुसरा शब्द सुचवा. 'जादूई'चंही काही करता येईल का?

बालाघाटी:
'जादूई' बिनदिक्कत काढा. तो शब्द ना मराठीचा, ना ज्यांची ही अळंबी आहे त्यांचा. 1957 साली अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकात गॉर्डन वॉसन यांचा लेख आला, त्याच्या मथळ्यातला तो शब्द जगभर पसरला. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातल्या माझातेक समाजाच्या मारिया साबिना या बाईंकडे ते 1955 साली रात्रीच्या विधीला बसले होते. बाई या अळंबीला म्हणायच्या 'पवित्र लेकरं'. दुखणं कशानं आलंय हे विचारायला विधी व्हायचा, मौजेसाठी नाही. लेख छापून आला आणि त्या डोंगरातल्या गावावर हौशी लोकांची रीघ लागली.

'अळंबी' मात्र राहू द्या. आपल्याकडे बोलताना कुणी अळंबी म्हणत नाही, 'कुत्र्याची छत्री' म्हणतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून येणारे लोक 'धिंगरी अळिंबी' म्हणतात, ती खायची. तेव्हा छापायला अळंबी किंवा अळिंबी, दोन्ही चालेल.

आता 'गुणकारी'. त्यात औषधाचा गुण आधीच सिद्ध धरलेला असतो. 'हळद गुणकारी' म्हटलं की पुढं 'कुणाला, किती, कशी' असं कुणी विचारत नाही. आपल्या बोलीतलं क्रियापद बघा: 'लागणे'. नव्यानं सुपारी खाल्ली आणि गरगरलं तर 'सुपारी लागली'. दारू लागते, झाड लागतं, नाद लागतो. आणि औषध 'लागू पडतं'. औषध, विष, नशा आणि भूत यांना एकच धातू पुरवणारी आपली भाषा या अळंबीसाठीच केल्यासारखी आहे! शिवाय 'लागू पडलं' म्हणताना 'कुणाला' हे आपोआप सांगावं लागतं. एकाला लागू पडतं, दुसऱ्याला नाही.

सोयाबीनवाला:
गुरुजी, अंगात येणं म्हणलं तर? त्यातबी माणूस स्वतःचा राहत नाही.

बालाघाटी:
नको. अंगात कुणीतरी *येतं*. इथं बाहेरून कुणी येत नाही.

रात्रपाळी:
मी मनोविकार विभागात काम करते, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

सायलोसायबिन 1958 साली रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमन यांनी अळंबीतून वेगळं काढलं. पोटात गेल्यावर त्याचं सायलोसिन होतं आणि मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या ठरलेल्या जागा (रिसेप्टर) असतात, त्यांतल्या एका जातीवर ते जाऊन बसतं. चार ते सहा तास रंग, आवाज, काळाचं भान, 'मी' असल्याची जाणीव, सगळं ढवळून निघतं. हे झालं गुरुजींचं 'लागणं'. 'लागू पडणं' निराळं, आणि ते मोजायची पद्धतही निराळी.

नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीत गुण देतात. गंमत अशी की तिथं गुण उतरले तरच गुण आला म्हणायचा. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या 233 रुग्णांवरचा एक अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. काहींना 25 मिलिग्रॅम, काहींना 10, काहींना नावापुरतं 1 मिलिग्रॅम, तेही एकदाच. तीन आठवड्यांनी ज्यांचे गुण निम्म्याहून खाली आले असे 25 च्या गटात 37 टक्के, 1 च्या गटात 18 टक्के. आजार जवळपास गेल्यासारखे 29 टक्के, समोर 8. आणि बारा आठवड्यांपर्यंत टिकलेला फरक 20 टक्क्यांना, समोर 10.

म्हणून माझ्या मते 'गुणकारी'ही नको आणि 'बरे होतात'ही नको. आमच्या ओपीडीत म्हाताऱ्या बाया जे म्हणतात तेच नेमकं आहे: 'फरक पडला', 'उतार पडला', 'आराम पडला'. बरं होणं ही पुढची पायरी. बाईला विचारलं "बऱ्या झालात का?" तर ती हात हलवून म्हणते, "बरी कुठली, फरक हाय." आमच्या केसपेपरवर यापेक्षा नेमकं वाक्य क्वचितच लिहिलं जातं.

2021 साली 59 जणांवर एक तुलना झाली. एका बाजूला सायलोसायबिन, दुसऱ्या बाजूला एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची नेहमीची गोळी. आधी ठरवलेल्या मुख्य मोजमापात दोघांत ठोस फरक निघाला नाही. पत्रकात हे कुणी लिहीत नाही.

दारूच्या बाबतीत 2022 च्या अभ्यासात बरा आकडा आला: अति पिण्याचे दिवस सायलोसायबिनच्या गटात साधारण 10 टक्के, दुसऱ्या गटात 24. पण त्या गटाला ॲलर्जीची गोळी दिली होती, आणि आपल्याला काय मिळालंय हे बहुतेकांनी ओळखलं. ओळखणारच! 'लागलं' की नाही हे माणसापासून लपवता येत नाही. या संशोधनाची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे.

सोयाबीनवाला:
म्हणजे पावसाळ्यात उकिरड्यावर येते तीच का? शेणावर पांढरी-पिवळी टोपी येती ती?

रात्रपाळी:
दादा, हे वाचून कुणी टोपली घेऊन निघू नये म्हणून स्पष्टच लिहिते. सायलोसायबिनवाली एक जात गाईम्हशींच्या शेणावर येते हे खरं. पण बघून ओळखता येत नाही. विषारी अळंबीतलं अमाटॉक्सिन सहा ते चोवीस तास गप्प बसतं. मग उलट्या, जुलाब, कळा. मग चक्क उतार पडतो, माणूस उठून बसतो, घरचे "आराम पडला" म्हणतात. तोवर आत यकृत जात असतं. त्या उताराला भुलू नये. कुणी रानातली अळंबी खाऊन उलट्या करत असेल तर मधे बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यावं, आणि उरलेली अळंबी सोबत न्यावी.

अभ्यासात दिलं गेलं ते प्रयोगशाळेत तोलून मापून. आधी ओळखीच्या बैठका, त्या दिवशी खोलीत प्रशिक्षित माणूस शेवटपर्यंत हजर, नंतर पुन्हा बोलणं. स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी (बायपोलर) विकार असलेल्यांना आधीच वगळलेलं. लिथियम हे मनोविकारावरचं औषध चालू असताना सायलोसायबिन घेतलं आणि झटके आले, अशाही नोंदी आहेत.

कज्जेदलाल:
कायद्याचा शब्दही घ्या. 1985 च्या कायद्याचं मराठी नाव आहे 'गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम'. म्हणायला जीभ दमते, पण 'मनोव्यापारांवर परिणाम करणारे' हा शब्दप्रयोग झकास आहे, त्यात चांगला की वाईट हे काही ठरवून टाकलेलं नाही. पेपरवाले सरसकट 'अमली' म्हणतात. अंमल म्हणजे गुंगी, आणि या अळंबीचं मुख्य काम गुंगी आणणं नव्हे. सायलोसायबिन त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. केरळ उच्च न्यायालयानं 2025 साली एका जामिनाच्या प्रकरणात अळंबी ही निसर्गतः उगवणारी बुरशी आहे, 'मिश्रण' नव्हे, असं म्हटलं. त्याचा अर्थ मोकळीक मिळाली असा कुणी काढू नये, तिथला वाद वजन अख्ख्या अळंबीचं धरायचं की आतल्या द्रव्याचं, याचा होता. ऑस्ट्रेलियात जुलै 2023 पासून परवानगी मिळालेले मनोविकारतज्ज्ञ ते लिहून देऊ शकतात. पत्रकात तिकडचं इकडं मिसळू देऊ नका.

मांजराकाठची:
सगळ्यांचे आभार. आता वाक्य असं केलंय: "काही अळंबींत आढळणाऱ्या सायलोसायबिनमुळे, डॉक्टरांच्या देखरेखीखालील अभ्यासांत, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या काही रुग्णांना फरक पडला. भारतात याला परवानगी नाही." आयोजक म्हणतायत, 'फरक पडला' खेडवळ वाटतं, 'लक्षणीय सुधारणा' लिहा.

रात्रपाळी:
शंभरात सदतीसांना, आणि नावापुरती मात्रा मिळाली त्यांतल्याही अठरांना. 'लक्षणीय' लिहायचं तर हे दोन्ही आकडे शेजारी छापायला सांगा.

बालाघाटी:
आणि 'अळंबींत' नको, 'अळंब्यांत' करा.