ट्रेलर कॅरव्हॅन घ्यायची आहे : वजन, पाणी आणि घाट याबद्दल सल्ला हवा

बोरिवलीवासी

नमस्कार मंडळी. गाडीमागे ओढायची, एका एक्सलची कॅरव्हॅन घ्यायचा विचार चालू आहे. विक्रेत्याने दिलेले आकडे असे : रिकामं वजन ९५० किलो, भरून कमाल १२०० किलो, ब्रेक आहेत. स्वच्छ पाण्याची टाकी ८० लिटर, मागच्या पलंगाखाली. सांडपाण्याची टाकी ६० लिटर, शिवाय कॅसेट टॉयलेट (मैल्याची टाकी बाहेर ओढून रिकामी करता येते असं).

आमची डिझेल एसयूव्ही आहे. तिच्या पुस्तिकेत ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा १५०० किलो, बिनब्रेकच्या ट्रेलरची ७५० किलो आणि हुकवरचा उभा भार (ट्रेलरचं पुढचं टोक हुकवर खाली टाकतं ते वजन) कमाल ७५ किलो असं दिलंय. आम्ही चौघं. जाणं मुख्यतः नाशिककडे आणि कोकणात. १२०० किलो १५०० मध्ये आरामात बसतात, मग प्रश्न मिटला का? पाण्याच्या व्यवस्थेत काय बघून घ्यावं? कॅरव्हॅन सोसायटीतच उभी राहील.

काटेतोल

प्रश्न मिटलेला नाही, कारण तुमची अडचण १५०० ची नाही, २५० ची आहे. १२०० वजा ९५०. त्या २५० किलोत काय काय बसवायचंय ते कागदावर मांडा. पाणी ८० लिटर म्हणजे ८० किलो. १०० एएच (अँपिअर-अवर) क्षमतेची लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण ३० किलो. छतावरचा एसी ३५ च्या आसपास. बाजूची कनात आणि तिचे खांब २५. घरगुती १४.२ किलोचा गॅस सिलिंडर भरलेला असताना जवळपास ३०. टॉयलेटचं फ्लशचं पाणी आणि रसायन १०. झाले २१०. उरलेल्या ४० किलोत चार माणसांचे कपडे, अंथरूण, भांडी, किराणा आणि खुर्च्या बसणार नाहीत.

विक्रेत्याला पहिला प्रश्न हा विचारा : ९५० मध्ये बॅटरी आणि एसी धरलेत का? बहुतेकदा रिकामं वजन मूळ सांगाड्याचं असतं आणि नंतर बसवलेल्या वस्तू त्यात नसतात. तोंडी उत्तर घेऊ नका. पैसे देण्याआधी ट्रेलर वजनकाट्यावर न्या आणि पावती घ्या.

यावर उपाय सोपा आहे. प्रवासात टाकीत २० लिटरच ठेवा, मुक्कामी पोचल्यावर भरा. ६० किलो तिथेच सुटले. १४.२ किलोच्या जागी ५ किलोचा सिलिंडर घ्या. दोन-तीन दिवसांच्या स्वयंपाकाला पुरतो आणि वजन निम्म्याहून कमी.

आणखी एक. हुकवर पडणारा भार गाडीच्या वजनात मोजला जातो. चार माणसं, डिकीतलं सामान आणि वर ७५ किलो, हे सगळं मिळून गाडीच्या स्वतःच्या कमाल वजनात बसायला हवं. परदेशातल्या त्याच नावाच्या मॉडेलचा ट्रेलर ओढायचा (टोइंगचा) आकडा इथे लावू नका. इंजिन, गिअरिंग, कूलिंग आणि हुक बसवायची जागा वेगळी असू शकते. ज्यांच्या पुस्तिकेत आकडाच दिलेला नाही त्यांनी ट्रेलर ओढू नये.

बोरिवलीवासी

फार उपयोगी, धन्यवाद. हुकवरचा भार नेमका किती ठेवायचा? व्हिडिओंमध्ये सगळे १० ते १५ टक्के सांगतात.

काटेतोल

ते अमेरिकन ट्रेलरचं गणित. १२०० किलोला १० ते १५ टक्के म्हणजे १२० ते १८० किलो, आणि तुमचा हुक ७५ च्या पुढे घेत नाही. युरोपीय धर्तीच्या हलक्या, एका एक्सलच्या कॅरव्हॅनला ५ ते ७ टक्के धरतात, म्हणजे ६० ते ८४. त्यात हुकची मर्यादा ७५. म्हणून ६५ ते ७५ च्या दरम्यान ठेवा.

आता टाकीची जागा बघा. पलंगाखालच्या टाकीचा मध्य एक्सलच्या १.३५ मीटर मागे आहे आणि एक्सलपासून कपलर (ट्रेलरचं हुकवर बसणारं तोंड) ३.६ मीटर पुढे आहे असं धरू. ८० गुणिले १.३५, भागिले ३.६. उत्तर ३०. भरलेली टाकी हुकवरचे ३० किलो उचलून घेते. रिकाम्या टाकीला ७० दाखवणारा हुक भरल्यावर ४० वर येतो आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. २० लिटरला हाच फरक फक्त साडेसात किलो. तुमच्या ट्रेलरवर दोन्ही अंतरं टेपने मोजून हेच गणित करा.

मोजायची पद्धत अशी. सपाट जागा, चाकांना पुढून-मागून पाचरी, ट्रेलरचा हँडब्रेक ओढलेला. कपलरखाली लाकडी ठोकळा उभा करा, त्याखाली फळी आणि फळीखाली घरातला माणसांचा वजनकाटा. ठोकळ्याची उंची अशी हवी की कपलर हुकच्या गोळ्यावर (बॉलवर) असतो त्याच उंचीवर राहील. जॉकी व्हील (ट्रेलरचं पुढचं छोटं आधाराचं चाक) वर घ्या म्हणजे भार ठोकळ्यावर येईल, आणि काटा वाचा. मोठ्या वजनकाट्यावर हे करू नका. तो ५ किंवा १० किलोच्या पायऱ्यांनी दाखवतो, त्यामुळे ६० आणि ७० मधला फरक त्यावर भरवशाचा नाही. तिथे फक्त एकूण वजन आणि एक्सलवरचं वजन घ्या. जड सामान एक्सलवर, जमिनीलगत. सगळ्यात मागच्या कपाटात फक्त हलक्या वस्तू.

घाटवाट

ब्रेकबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तुमच्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक आहेत की इलेक्ट्रिक, हे आधी विचारा. ओव्हररनमध्ये ट्रेलरने गाडीला मागून ढकललं की कपलरचा दांडा आत दबतो आणि चाकांच्या ब्रेक-ड्रमला आतून शू (घर्षणाच्या पट्ट्या) लागतात. म्हणजे उतारावर तुम्ही नुसतं इंजिन ब्रेकिंग केलंत तरी ट्रेलरचे ब्रेक घासत राहतात. खंडाळा किंवा कसारा उतरताना याने ड्रम तापतात आणि शेवटच्या वळणांवर ब्रेकची पकड कमी होते. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्या, वेग ४० च्या आत आणा. गाडीचा ब्रेक पाय ठेवून घासत नेऊ नका, थोडा वेळ ठामपणे दाबा आणि सोडा. मध्ये सुरक्षित जागा मिळाली की थांबून तळहाताची मागची बाजू दोन्ही ड्रमजवळ धरा, लावू नका. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला शू चिकटलाय किंवा बेअरिंग जातंय.

इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीत कंट्रोलर बसवावा लागतो. त्याचा फायदा म्हणजे फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावता येतो. ट्रेलर डुलायला लागला की अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीचा ब्रेक जोरात मारू नका आणि कंट्रोलरचा दांडा हलका दाबा. वेग वाढवून ट्रेलर ताणून सरळ करायचा सल्ला काही जण देतात, तो घातक आहे.

नाशिकसाठी भिवंडीजवळच्या आमणेहून समृद्धी महामार्गाने इगतपुरी गाठा, कसारा घाट टळतो. रस्त्यावर १२० ची वेगमर्यादा असली तरी तुम्ही ७०-८० च्या वर जाऊ नका. शेजारून बस गेली की हवेचा धक्का बसतो. कोकणात जाताना वरंधसारखे अरुंद घाट पूर्ण टाळा. वळणावर समोरून एसटी आली तर ट्रेलरसह मागे घ्यायला जागा नसते.

बॉलचं माप बघून घ्या : ५० मिलिमीटर की २ इंच, म्हणजे ५०.८. २ इंचाच्या कपलरमध्ये ५० चा बॉल बसतो, लॉकही होतो, पण सैल राहतो आणि खड्ड्यात उडून निघू शकतो. ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक ओढणारी) बॉलच्या मानेला गुंडाळू नका, गाडीला बोल्टने बसवलेल्या कडीत अडकवा.

नळदुरुस्ती

पाण्याबद्दल. पंप कोणता आहे ते बघा. टाकीत बुडवलेला छोटा पंप असेल तर नळ उघडला की तो चालू होतो. टाकी कोरडी असताना चालला की जळतो. दुसरा १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, प्रेशर स्विचचा. हा घ्या. साधारण २.८ बार दाबाला बंद होतो, कोरडा थोडा वेळ चालला तरी टिकतो. त्याच्या आधी गाळणी हवीच, नाहीतर टाकी कापताना राहिलेला प्लॅस्टिकचा कीस व्हॉल्व्हमध्ये अडकतो.

दोष ओळखायची रीत : सगळे नळ बंद असताना पंप मध्येच क्षणभर घुरघुरतो, म्हणजे पंपानंतर कुठेतरी गळती आहे किंवा पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतोय. पंप सतत चालतो पण पाणी थुंकत येतं, म्हणजे टाकी ते पंप या भागात हवा शिरतेय. बहुधा गाळणीच्या झाकणाचं ओ-रिंग. ते कोरडं असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियम जेली रबर फुगवते.

आता मुंबईची खास गोष्ट. सोसायटीच्या नळाला होज लावून कॅरव्हॅनच्या इनलेटला थेट जोडू नका. दर मजल्यामागे ०.३ बार दाब वाढतो. वीस मजल्यांच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून थेट खाली आलेल्या लाइनवर ६ बार भरू शकतो, आणि कॅरव्हॅनचे जोड ३ बारच्या हिशेबाने केलेले असतात. ३ बारला लावलेला प्रेशर रेग्युलेटर नळाच्या टोकाला बसवा, म्हणजे होजही वाचतो. होज पिण्याच्या पाण्याचा आणि अपारदर्शक हवा. बागेच्या पारदर्शक पाइपमध्ये ऊन लागून शेवाळ धरतं. टँकरचं पाणी भरणार असाल तर ५ मायक्रॉनची कँडल (गाळणारा फिल्टर) लावा.

टाकी निर्जंतुक करायची मात्रा : ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, बिनवासाचं, दर लिटरला १ मिलिलिटर. ८० लिटरला ८० मिलिलिटर. आधी कार्बन फिल्टर काढा आणि गीझर बायपास करा. टाकी भरा, प्रत्येक नळातून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा, रात्रभर ठेवा, मग वास जाईपर्यंत दोन-तीनदा टाकी भरून रिकामी करा. टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड यात कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. तेच अ‍ॅसिड कॅसेटमध्येही टाकू नका, रबरी सील कडक होतं आणि मग गळतं.

पोडियम३

सोसायटीचं बघताना आधी उंची मोजा. कॅरव्हॅन २.५ मीटरच्या वर जाते आणि पोडियम पार्किंगच्या (इमारतीच्या खालच्या मजल्यांवरच्या) तोंडाशी लावलेल्या उंचीच्या दांड्या बऱ्याच ठिकाणी २.१ ते २.४ वर असतात. कमिटीची परवानगी लेखी घ्या.

समुद्राच्या हवेत दीर्घकाळ उभी ठेवताना हँडब्रेक सोडून ठेवा आणि चाकांना पाचरी लावा. ओढून ठेवला तर पावसाळ्यानंतर शू ड्रमला गंजून चिकटलेले मिळतात. चार कोपऱ्यांचे पाय फक्त स्थिर ठेवायला आहेत, त्यांच्यावर ट्रेलर उचलू नका, चेसिस वाकते. प्लॅस्टिकची ताडपत्री घालू नका, आत घाम धरून बुरशी येते. हवा खेळणारं कव्हर घ्या. छताच्या खिडक्यांच्या कडा मे महिन्यातच तपासा. ब्यूटाइल टेप (जोड बंद करणारी चिकट पट्टी) सुटलेली दिसली तर वरून सिलिकॉन चोपडून भागत नाही, जुनी काढून नवी लावा.

आणि दोन्ही टाक्या पूर्ण रिकाम्या करा, ओव्हरफ्लोच्या तोंडांना बारीक जाळी बसवा. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तर पालिकेच्या कीटकनाशक विभागाची नोटीस येते, आणि शेजाऱ्यांना डेंग्यू होण्याचा धोका राहतो तो वेगळाच.

बोरिवलीवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचे दोन प्रश्न. कागदपत्रं काय बघू? आणि सांडपाणी कुठे सोडायचं?

घाटवाट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये ट्रेलरही ‘मोटार वाहन’ धरला आहे, त्यामुळे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते. विक्रेत्याकडून टाइप अ‍ॅप्रूव्हलचं प्रमाणपत्र (हे मॉडेल नियमांनुसार मंजूर आहे असं सांगणारं) मागा, त्याची प्रत घेऊन तुमच्या आरटीओत नोंदणी होईल का हे टोकन देण्याआधी विचारा. गाडीच्या विमा कंपनीला हुक बसवल्याचं आणि ट्रेलर ओढणार असल्याचं ईमेलने कळवा, उत्तर लेखीच घ्या.

नळदुरुस्ती

कॅसेट मलनिस्सारण लाइनला किंवा सेप्टिक टँकला जोडलेल्या शौचालयातच रिकामी करा. मुक्कामी सेप्टिक टँक असेल तर फॉर्मल्डिहाइड असलेलं रसायन वापरू नका, टँकमधले जिवाणू मरतात. भांड्यांचं आणि अंघोळीचं पाणी पावसाळी गटारात सोडू नका, ते प्रक्रिया न होता खाडीत जातं. मुक्काम ठरवताना फोनवरच विचारा : बाथरूमच्या जाळीत पाइप सोडू द्याल का? आणि निघण्याआधी सांडपाण्याची टाकी रिकामी करा. ६० लिटर म्हणजे ६० किलो, आणि ते काटेतोल यांच्या २५० मध्ये कुठेच धरलेले नाहीत.