पीएफ फक्त १८०० कापतात, निवृत्तीसाठी बाकीचं कुठं टाकू?

बुटीबोरीकर:
वय ४३. बुटीबोरी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, सत्ताविसाव्या वर्षी लागलो. बेसिक ४८,०००, पण कंपनी पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच धरते. माझे १८००, त्यांचे १८००. परवा पासबुक नीट पाहिलं तर त्यांच्या १८०० मधले १२५० पेन्शनच्या खात्यात जातात, पीएफमध्ये पडतात ५५०. म्हणजे महिन्याला २३५० जमा. रात्रभर झोप नाही लागली. बाबा जिल्हा परिषदेचे शिक्षक होते, आजही घरचा किराणा त्यांच्या पेन्शनमधून येतो. माझी पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी सात हजारही होत नाही.

मार्चमध्ये बेसाच्या फ्लॅटचं कर्ज फिटलं. २२,४०० चा हप्ता मोकळा झाला आहे, तो खर्चात जायच्या आत बांधून टाकायचा विचार करून राहिलो. पण मुलगी नववीत आहे. एचआर म्हणते, कंपनी जास्तीचा एक रुपया देणार नाही.

अजनीवाले काका:
कंपनी नाही वाढवत तर तुम्ही वाढवा ना भाऊ. आपला वाटा स्वेच्छेनं वाढवता येतो, त्याला व्हीपीएफ म्हणतात. एचआरला लेखी अर्ज द्या. बऱ्याच कंपन्या हा बदल एप्रिलमध्येच घेतात, म्हणून आत्ताच हलवा. व्याज पीएफचंच, २०२४-२५ ला ८.२५ टक्के होतं.

कुंपण एकच आहे. एप्रिल २०२१ पासून, वर्षाला तुमच्या स्वतःच्या वाट्याचे अडीच लाखांवर जितके जातील तितक्यांच्या व्याजावर कर लागतो. कंपनीचा वाटा यात धरत नाहीत. तुमचे २१,६०० वजा केले तर २,२८,४०० ची जागा आहे, महिन्याला १९,०००. दर हाच टिकला तर पंधरा वर्षांत साधारण ६५ लाख होतात. मी कारखान्याच्या अकाउंट्समध्ये पंचवीस वर्षं काढली, हा अर्ज घेऊन आलेली माणसं बोटावर मोजण्याइतकीच पाहिली. फार वाईट वाटायचं.

मानेवाड्याची ताई:
काकांचा हिशोब बरोबर आहे, पण दादा, पूर्ण १९,००० नका टाकू. माझ्या मुलाच्या अ‍ॅडमिशनला आम्ही पीएफमधून काढले. मिळाले, पण ते परत भरता येत नाहीत, आणि त्यावरचं पुढच्या वर्षांचं व्याजही गेलं. बँकेत-पोस्टात उघडतात त्या पीपीएफ खात्याचंही तसंच, सातव्या वर्षाआधी पैसे काढता येत नाहीत, तोवर मुलीचं निम्मं इंजिनिअरिंग झालेलं असेल. तिच्या शिक्षणाचा पैसा वेगळाच ठेवा.

आणखी एक एचआरला विचारा. पगाराची रचना बदलून कंपनीमार्फत एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजना, देतात का? नव्या करप्रणालीत बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत कंपनीनं भरलेल्या रकमेवर तुम्हाला कर नाही. तुमचे ६,७२० होतात. पैसा तुमच्याच पगारातून वळतो, म्हणून कंपनीला वेगळा खर्च नाही. स्वतःहून भरलेल्या ५०,००० ची वेगळी सूट मात्र जुन्या प्रणालीतच आहे, एजंट ते सांगत नाहीत. आणि शेवटी त्यातल्या काही भागाची पेन्शन घ्यावीच लागते, तिच्यावर कर लागतो.

बुटीबोरीकर:
काका, ताई, दोघांचं बायकोला वाचून दाखवलं. १३,००० व्हीपीएफ, उरलेले ९,४०० मुलीच्या नावानं आरडी. तिचं शिक्षण झालं की तेही व्हीपीएफला वळवीन. एनपीएसनं हातातला पगार किती कमी होतो ते विचारूनच ठरवतो. काका, अर्जात रक्कम लिहू की टक्के?

अजनीवाले काका:
त्यांच्या नमुन्यात असेल तसं. टक्के मागितले तर बेसिकच्या २७ लिहा, १२,९६० होतात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या, आणि पुढच्या पगाराची स्लिप तपासा.