हॉप्सच्या वेलावर अळ्या पडल्यात आणि फुलं धरायची वेळ आलीय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरी हॉप्सचे (ज्याचे शंकूसारखे फुलोरे बिअरमध्ये घालतात ते) वेल लावलेत. सगळी मादी रोपं आहेत, मागच्या वर्षी लावलेली. यंदा दोरीवरून सरळ वरपर्यंत गेलीत आणि बाजूच्या फांद्यांवर आता ती बारीक, ब्रशसारखी फुलं यायला लागलीत, म्हणजे थोड्याच आठवड्यांत शंकू धरतील. आणि नेमकी आत्ताच पानांची चाळणी व्हायला लागलीय.

सुरुवात खालच्या पानांपासून झाली. शिरा तेवढ्या शिल्लक, मधलं सगळं फस्त, आणि आता हे वर वर सरकतंय. दिवसा शोधलं तर क्वचित एखादी सापडते पण रात्री टॉर्च घेऊन पानाच्या खालच्या बाजूला बघितलं की दिसतात: फिकट हिरव्या, बारीक, अंगावर लांबीला पांढऱ्या रेघा, चालताना पाठ कमानीसारखी वर उचलतात आणि पान जरा हललं की अंग झटकून खाली पडतात. देठाला चिकटून बसल्या की देठ कुठला आणि अळी कुठली ते कळतच नाही, मी तर पानावरच्या काळपट लेंड्या बघून त्याच्या वरचं पान उलटते, मग सापडतात.

आता खरी अडचण. याच वेलावर दुसऱ्या अळ्या पण आहेत, थोड्याच, काळपट तपकिरी, अंगभर फाटे फुटलेले काटे आणि पाठीच्या मागच्या अर्ध्या भागावर पांढुरका पट्टा. त्या बहुतेक फुलपाखराच्या आहेत आणि मला त्या मारायच्या नाहीयेत. मनापासून सांगते, वेल लावताना फुलपाखरं येतील हा पण आनंदाचा भाग होता.

साबणाचं पाणी फवारून झालंय, त्याने मावा गेला, अळ्यांना काही झालं नाही. ओळखीतल्या एकांनी पायरेथ्रॉइडवालं (रासायनिक कीटकनाशक) औषध मारा, एका फवाऱ्यात सगळं साफ होईल असं सांगितलं, पण सगळं साफ नकोच आहे मला. शिवाय शंकू वाळवून वापरायचेत, त्याला औषधाचा वास किंवा चव राहिली तर इतकी मेहनत कशाला. हिरव्या अळ्यांवर काय मारू, काटेरी कशा वाचवू, आणि फुलं आलेली असताना फवारलं तर चालतं का? अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १

ताई, वर्णन इतकं नीट दिलंय की ओळखायला सोपं गेलं. हिरव्या म्हणजे उंटअळ्या, हायपेना गटातल्या पतंगांच्या असाव्यात. अमेरिकेत हॉप्सच्या शेतात हायपेना ह्युम्युली नावाची याच गटातली अळी नेहमीची आहे, तिला तिकडे हॉप लूपरच म्हणतात. रात्री खाणं, दिवसा देठाला चिकटून बसणं, पानाची जाळी करणं, सगळं जुळतंय.

काटेरी जी आहे ती कॉमा फुलपाखराची वाटतेय, मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला पांढरा स्वल्पविराम असतो ते. त्याचीच अमेरिकेतली बहीण ईस्टर्न कॉमा पण हॉप्सवर वाढते, आणि तिकडचे जुने शेतकरी तिच्या कोषावर सोनेरी ठिपके दिसले तर भाव चढणार, चंदेरी दिसले तर पडणार असं मानायचे. वेलावर कोष दिसला तर जरूर निरखून बघा, खरंच धातूसारखे चमकतात ठिपके.

उपाय विचाराल तर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं औषध. घेताना पाकिटावर कुर्स्टाकी लिहिलंय ना ते बघाच, कारण इस्रायलेन्सिस म्हणून मिळतं ते डासांच्या अळ्यांसाठी असतं, त्याचा इथे उपयोग नाही. हे अळीच्या पोटात गेलं तरच काम करतं, नुसतं अंगावर पडून काही होत नाही. तिच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो, त्यात या जिवाणूचं स्फटिकासारखं प्रथिन विरघळतं आणि आतड्याला भोकं पाडतं. काही तासांत अळी खाणं सोडते पण मरायला दोन ते पाच दिवस जातात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी जिवंत दिसली म्हणून लगेच दुसरं औषध मारायला जाऊ नका. लहान अळ्यांवर मस्त चालतं, मोठ्या झाल्या की असर कमी. उन्हाने दोन तीन दिवसांत उतरतं आणि पावसाने धुतलं जातं, म्हणून संध्याकाळी फवारा, पानाची खालची बाजू भिजली पाहिजे, आणि नवीन अळ्या निघत असतील तर आठवड्याने परत. कालवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत, फक्त एक गोष्ट ठळक सांगायला हवी: बीटी हिरवी अळी आणि काटेरी अळी यात फरक करत नाही, पतंग असो की फुलपाखरू, ज्या अळीने ते पान खाल्लं ती जाणार. म्हणून फवारायच्या आधी काटेरी सगळ्या वेचून बाजूला काढा. कॉमाची अळी नेटलवर पण वाढते (ते हात लावला की आग होणारं झुडूप), एल्मच्या पानांवर पण. आसपास यापैकी काही असेल तर पानासकट तिथे ठेवून द्या. नाहीतर सरळ एक वेल त्यांच्यासाठी राखून ठेवा, त्यावर काहीच फवारू नका आणि तिथल्या हिरव्या हाताने वेचा. तुमच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं.

पायरेथ्रॉइड अजिबात नको, तुमचा निर्णय एकदम बरोबर आहे. त्याने अळ्या मरतील पण लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) खाणारे मित्र कोळी, लेडीबर्ड, गांधीलमाश्या हे सगळे पण जातील आणि गरम कोरड्या हवेत तोच लाल, म्हणजे दोन ठिपक्यांचा कोळी असा काही उसळतो की पानं तांबूस होऊन वाळतात. अळीने अर्धं पान खाल्लं तरी उरलेलं अर्धं वेलाच्या कामी येतं, कोळ्याने शोषलेलं पान गेल्यात जमा.

अळी वेचताना तिच्याजवळ पांढरे, तांदळाच्या दाण्याएवढे कोष दिसले तर ती तशीच राहू द्या. ते परजीवी गांधीलमाशीचे असतात, ती अळी तशीही जगणार नाही आणि त्यातून निघणाऱ्या माश्या पुढच्या अळ्यांचा समाचार घेतील.

अजून एक, एखादी अळी पकडून पाय मोजा. पुढचे तीन जोड खरे, मागचे पोटावरचे मांसल. पोटावरचे पाच जोड किंवा कमी असतील तर ती पतंग/फुलपाखराची, पाचापेक्षा जास्त असतील तर ती सॉफ्लायची (गांधीलमाशीच्या नात्यातला कीटक) अळी, दिसायला सारखीच पण तिच्यावर बीटी चालत नाही.

धागाकर्ती

दोघांचे खूप खूप आभार, पाय आत्ताच मोजले. पोटावरचे चार जोड आहेत म्हणजे बीटी चालेल. काटेरी अळ्यांसाठी कडेचा वेल राखून ठेवते, हे आधी सुचलंच नव्हतं आणि फार आवडलं. आता फक्त फुलांचं सांगा, शंकू धरल्यावर फवारलं तर काढणीच्या वेळी काही त्रास? आणि निमतेल कसं?

प्रतिसाद १

बीटीचा वास किंवा चव मागे राहत नाही, तरी काढणीआधी किती दिवस थांबायचं ते लेबलवर बघून तेवढं पाळा. निमतेल मात्र शंकू धरल्यावर नको, तेलाचा उग्र वास त्यात बसतो. शंकू धरायच्या आधी कोवळ्या वाढीवर चालेल पण भर उन्हात नाही, आणि भुरीसाठी (पानांवरची पांढरी बुरशी) गंधक मारलं असेल तर दोन आठवडे तरी मधे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतात.

मुळात किती पानं गेलीत याची फार धास्ती घेऊ नका. जोमदार वेल बरीच पानं गेली तरी उभा राहतो. लक्ष ठेवायचं ते शंकूंवर, कारण हंगामाच्या शेवटी याच उंटअळ्या शंकू कुरतडतात आणि ते नुकसान भरून येत नाही. म्हणून पहिला हात आत्ताच, अळ्या लहान असताना मारा. खालची साधारण दोन तीन फुटांपर्यंतची पानं काढून टाका, वेल वर पोचलाय तेव्हा त्याला काही होत नाही, हवा खेळते, केवडा (हा पण बुरशीसारखा रोगच) पण कमी येतो.

प्रतिसाद २

घरात कुत्रा असेल तर काढलेले आणि वापरून झालेले शंकू त्याच्या तोंडाला लागणार नाहीत असे टाका. कुत्र्यांना हॉप्स विषारी असतात, ताप जीवघेणा चढतो. खाल्लेच तर वाट न बघता लगेच डॉक्टरकडे न्या.

धागाकर्ती

कुत्रा आहे, बरं झालं सांगितलंत. वेलाभोवती जाळी लावून घेते आणि बीटी आज संध्याकाळीच मारते, आधी काटेरी हलवून. शेंड्याची पानं कशी राहतात ते बघून इथेच लिहिते.